ठकीच्या डोक्यावरचा हात

४ ऑगस्ट

ताई, सलाम.

फोनवर मला बोलता येत नाही, नुसता हुं हुं करतो, असं तूच मागे सुनावलं होतंस. तेव्हा लिहितो. सावकाश वाच आणि वाचून झालं की लगेच चप्पल घाल, कारण तुला एका ठिकाणी जायचं आहे.

माझ्या मेहुण्याचा, ठकीच्या मामाचा, उजवा हात गेला. मनगटापासून. गेल्या मंगळवारी, प्रेसखाली. आमच्या डब्यांच्या कारखान्यात तो पत्र्याची झाकणं काढतो आणि मी फिटर. त्याला तिथे चिकटवला तोही मीच. त्या दिवशी झाकणाचा काठ नीट येत नव्हता म्हणून त्याने मला हाक मारली. मी मेन स्विच बंद केला, साचा सैल केला आणि मोठा पाना आणायला स्टोअरमध्ये गेलो. परत येतोय तोच किंकाळी ऐकली. धावलो तर स्विच चालू होता. मी चालू केला नव्हता. तिथे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तो म्हणतो मला काही आठवत नाही.

स्विचला फिटरनेच हात लावायचा असा नियम आहे. त्यामुळे कारखान्याने माझ्याकडे बोट दाखवलं, ते मी समजू शकतो. घरचं मात्र तसं नव्हतं. पहिले दोन दिवस सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, पट्टी बदलायच्या खोलीबाहेर, मी भिंतीकडे तोंड करून गुडघे टेकले आणि आपली नेहमीची प्रार्थना केली. प्रभू, मी पापी आहे, माझ्या अपराधांची क्षमा कर. आपले अप्पा रोज हेच म्हणायचे आणि अप्पांनी आयुष्यात मुंगी मारली नाही. सासूबाई मागेच उभ्या होत्या. ऐकलं आणि मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, पोटातलं ओठावर आलं शेवटी.

मी समजावलं की आम्ही सगळेच रोज क्षमा मागतो, दात घासावेत तितकी ती रोजची आहे. त्यांचं आपलं एकच, न केलेल्याची क्षमा कोण मागतं, खाई त्याला खवखवे. मग म्हणाल्या, ठीक आहे, केलं नाही ना, तर आपल्या पोरीच्या, ठकीच्या डोक्यावर हात ठेवा आणि घ्या शपथ. आणि ताई, मी नाही म्हणालो.

तुला कारण सांगायला नको. सात वर्षांचा असताना गोट्यांच्या भांडणात मी एकदा गळ्याशपथ म्हणालो तर तूच मला तासभर कोपऱ्यात उभं केलं होतंस. प्रभूने शपथ घेऊ नका म्हटलंय, म्हणजे नाही घ्यायची. तीस वर्षं मी तसाच बोलत आलोय आणि कोणाचं काही अडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या देवाला शपथ चालत नाही, बरंच सोयीचं आहे." माझी बायको, ठकीची आई, तिथेच होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

काल मेहुण्याला तुमच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवलं. ठकीला घेऊन तीही गेली. जाताना एवढंच म्हणाली की तुम्ही शपथ घ्याल तेव्हा मी घरी येईन. नऊ वर्षांत तिने मला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. तू जा, ताई. तुला शब्द सुचतात. आपल्यात शपथ का घेत नाहीत तेवढं तिच्या गळी उतरव. माझा संसार तुझ्या हातात आहे.

तुझा बारक्या


९ ऑगस्ट

बारक्या,

घातली चप्पल. शाळेतला शिवणाचा तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मारला आणि गेले.

तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. मेहुणा उशीला टेकून बसलेला, तोंड पांढरंफटक. ठकी त्याला डाव्या हाताने अक्षरं काढायला शिकवत होती आणि रेघ वाकडी गेली की मामाच्या गुडघ्यावर पट्टी मारत होती. मला बघून म्हणाली, आत्या, हा मामा अगदी ढ आहे. सगळ्या खोलीत हसणारी तेवढी एकटीच. तुझी बायको वाळली आहे. सासूबाईंबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांच्या तरण्या पोराचा हात गेलाय. त्या जागी मी असते तर कोणाच्या नरडीला गेले असते कोण जाणे.

मी बोलले त्यांच्याशी. काय काय बोलले ते लिहीत बसत नाही. माझ्या परीने पटवून दिलं. सासूबाई जरा नरमल्या असं मला वाटलं. तू आता आठ-पंधरा दिवस गप्प राहा. फोन करू नकोस, चिठ्ठ्या पाठवू नकोस, दाराशी येऊन उभा राहू नकोस. आणि प्रार्थना मनातल्या मनात करत जा, देव काही बहिरा नाही.

नीट जेव. डबा करून नेतोस ना, की उपाशीच जातोस कामाला?

ताई


१६ ऑगस्ट

ताई,

सासूबाई नरमल्या असं तू लिहिलंस. मग आता हे काय आहे ते मला सांग. ठकीच्या आईची चिठ्ठी आली, दोनच ओळी. "तुमच्या घरात शपथ कोणाला चालते आणि कोणाला नाही, ते आधी आपसात ठरवा. मग माझ्याशी बोला." दहा वेळा वाचली. मला काही उमगत नाही. तू तिला नक्की काय सांगितलंस?

इकडचं विचारू नकोस. चौकशी होईपर्यंत मला भंगाराच्या शेडमध्ये टाकलंय. दिवसभर पत्र्याचे तुकडे वेगळे करतो. चौकशीचा कारकून जबाब घ्यायला आला तेव्हा कागदावर "शपथेवर सांगतो" असं छापलेलं होतं. मी म्हटलं, साहेब, शपथ नको, मी नुसतं खरं सांगतो. माणूस भला. त्याने तो शब्द खोडला, वर "प्रतिज्ञेवर" लिहिलं आणि म्हणाला, हेही चालतं, कायद्यात सोय आहे. कायद्यात आहे गं, माणसांत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यात झालं की फिटरने शपथ खोडायला लावली. कर नाही त्याला डर कशाला, असं मला ऐकू जाईल इतक्या बेताने म्हणतात. जेवायच्या सुट्टीत मी बाकावर टेकलो की बाक रिकामा होतो.

वेल्डर तेवढा अजून बोलतो. काल म्हणाला, अरे घेऊन टाक की, खरं आहे तर खरंच आहे, तोंडची वाफ दवडायला काय जातं. त्याला वाटतं मी हट्टाला पेटलोय. सासूबाईंना वाटतं मी चोर आहे. आणि आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना वाटतं मी फार मोठं काहीतरी करतोय. पाठीवर हात ठेवून म्हणाले, विश्वासासाठी सोसणारा धन्य, येत्या रविवारी मंडळीपुढे चार शब्द साक्ष द्या. मी तिथून उठून आलो. मला कोणापुढे हुतात्मा व्हायचं नाही. मला ठकी हवी आहे. ती नसताना घरात पाऊल टाकलं की कानठळ्या बसतात, इतकं शांत असतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय, ताई. लवकर लिही.

बारक्या


२२ ऑगस्ट

बारक्या,

चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले होते. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. शपथ मी घेतली.

त्या दिवशी मी सगळं सांगून बघितलं. अप्पा कसे होते, तू लहानपणी कसा होतास, आपल्यात काय मानतात. सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही तरी घेता का? मी तुझ्या बायकोकडे पाहिलं. तिचं तोंड असं झालं होतं की आता कोणीतरी एक शब्द द्यावा आणि तिने सुटावं. ठकी माझ्या मांडीला टेकून पेन्सिलीला टोक करत होती. माझा हात कधी उचलला गेला मला कळलं नाही. तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, माझ्या भावाने तो स्विच लावला नाही, या पोरीची शपथ. मनात म्हटलं, देवाशी माझं मी बघून घेईन, याचं घर तर वाचेल.

तुझी बायको रडायला लागली. मला वाटलं, झालं, सुटलो. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्यात शपथ चालते. तुम्ही तिथे नव्हता, तरी घेतलीत. ते तिथे होते, आणि घेत नाहीत."

मी लाख सांगितलं की नाही गं, चालत नाही, मी पाप केलं, मायेपोटी केलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, पाप केलं म्हणजे खोटी घेतली ना? एकेक शब्द उलटा होऊन तुझ्याच अंगावर जात होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू ज्या एका भिंतीला पाठ लावून उभा होतास ती मीच पाडली. आणि घरी येऊन तुला लिहिलं की त्या नरमल्या. मला तुझी भीती वाटली, बारक्या. मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली.

ताई


२५ ऑगस्ट

ताई,

पत्र पोचलं.

मला कोणी विचारलं की तुझ्यात असं का, तर मी म्हणायचो, माझ्या बहिणीने शिकवलं. माझ्याकडे दाखवायला दुसरा पुरावा नव्हता. आता लोक म्हणतील ती तर घेते. बरोबरच म्हणतील.

तुला माझी भीती वाटली म्हणतेस. मग त्या दिवशी कोपऱ्यात मला कशाला उभं केलं होतंस? गळ्याशपथ म्हणू दिलं असतंस तर आज मीही चार लोकांसारखा असतो आणि माझी पोर माझ्याजवळ असती.

मला लिहू नकोस.


२८ ऑगस्ट

बारक्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. फाडायचं तर वाचून फाड.

काल तुझी बायको माझ्या शाळेत आली होती. मला भेटायला नाही, ठकीच्या प्रवेशाचा फॉर्म न्यायला. मी शिवणाच्या खोलीच्या दारातून बघितलं. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी ती थांबली, मग तो तसाच ठेवून खालचं भरायला लागली. कारकुनाने विचारलं तर म्हणाली, ते नंतर भरते. सोमवारी फॉर्म द्यायचा आहे. एकदा पोर इथल्या शाळेत बसली की ती परत जाणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

म्हणून सांगते, ये आणि घे शपथ. हे मी लिहितेय, ज्या ताईने तुला कोपऱ्यात उभं केलं तीच. जो काही दोष लागेल तो माझ्या पदरात टाक. अप्पा नाहीत, पाळकसाहेबांना तुझ्या घरात राहायचं नाही, देवाला पुढे तोंड द्यायचं ते मी देईन. मला मूल नाही, नवरा नाही, माझं काय जाणार आहे? तू फक्त रविवारी ये. दोन शब्दांचं काम आहे. पाया पडते तुझ्या.

ताई


३ सप्टेंबर

ताई,

रविवारी आलो होतो. तुझ्या घरावरून गेलो, वर आलो नाही. तुझ्यावरचा राग होता, आणि आलो असतो तर तू मला इस्पितळापर्यंत धरून नेलं असतंस, तेही नको होतं.

खरं सांगतो, घ्यायचीच असं ठरवून निघालो होतो. पूर्ण प्रवासात घोकत होतो. तुझं पत्र खिशात होतं.

सगळी होती तिथे. मेहुणा खिडकीकडे तोंड करून पडला होता. सासूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. ठकीच्या आईने विचारलं, "घेणार आहात?" मी हो म्हटलं. तिचा चेहरा असा उजळला, ताई, की लग्नाच्या दिवशीही मी तो तसा पाहिला नव्हता. तिने ठकीला पुढे केलं. मला हात उचलता येईना. मग ठकीनेच माझा हात दोन्ही हातांनी धरला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, म्हणा ना पटकन, मग आपण घरी जाऊ."

डोकं गरम होतं. केस नुकतेच विंचरले होते. मी तोंड उघडलं आणि मला एकदम दिसलं की मी काय करतोय. मी खरा आहे हे पटवायला मी ही पोर गहाण टाकत होतो. ती माझी नाहीच गहाण टाकायला. खरं असलं तरी नाही. प्रभूने का नको म्हटलं हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं. तू शिकवलंस म्हणून मी नुसतं पाळत होतो. ते त्या क्षणी कळलं, आणि त्या वेळी कळून माझं वाटोळं झालं. मी हात काढून घेतला. म्हटलं, मी स्विच लावला नाही, पण हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगणार नाही.

ठकी माझ्याकडे बघत राहिली. मग आईमागे जाऊन उभी राहिली. तिची आई म्हणाली, "जा आता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी जिन्यात बसून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. एक सफाईवाली बाई म्हणाली, दादा, उठा, फरशी पुसायची आहे. मग उठलो.

हे सगळं यासाठी लिहितो की मी आलोच नाही असं तुला वाटू नये. आता मला काही सुचत नाही. रोज प्रार्थनेला बसतो आणि क्षमा कर म्हणायला गेलो की जीभ उचलत नाही, कोणीतरी मागे उभं आहे असं वाटतं.

बारक्या


६ सप्टेंबर

बारक्या,

बसून वाच.

काल मेहुण्याने मला निरोप धाडून बोलावून घेतलं. तुझी बायको तिथेच होती. सासूबाईंना त्याने औषधाच्या निमित्ताने खाली पाठवलं होतं. तो म्हणाला, स्विच मी लावला.

झालं असं. त्या प्रेसला दोन बटणं आहेत म्हणे, दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहू नये. काम पटापट उरकावं म्हणून हा एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवायचा. तू पाना आणायला गेलास, याला दम निघेना. स्वतःच स्विच लावला, वाकडा पत्रा सरळ करायला हात आत घातला आणि कोपर दुसऱ्या बटणावर पडलं. पाचर आधीच होती. त्याला सगळं आठवत होतं, पहिल्या दिवसापासून. चूक आपली ठरली तर नोकरी जाईल आणि एका हाताच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार, म्हणून गप्प बसला.

तुझ्या बायकोने विचारलं, "आणि यांनी शपथ घेतली असती तर?" त्याने जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते. "ते घेणार नाहीत हे मला ठाऊक होतं. चार वर्षं बाजूला काम केलंय. कोणी आईशप्पथ म्हणालं तरी ते मान फिरवतात. तुम्ही सगळ्यांनी त्यांना चुकीचं ओळखलं. मी बरोबर ओळखलं होतं, म्हणून निर्धास्त होतो."

रविवारी तू हात काढून घेतलास ते त्याने खिडकीच्या काचेत पाहिलं. त्यानंतर ठकीने त्याला अक्षरं शिकवायचं सोडलं, कोणाशी बोलेना. ते त्याला सोसवेना. आता त्याने डाव्या हाताने जबाब लिहून दिलाय, अर्धी अक्षरं उलटी आहेत, पण सही केली आहे.

सासूबाई वर आल्यावर त्याने त्यांनाही सांगितलं. तुझी बायको खाटेच्या कडेला बसून होती, मी निघाले तरी तशीच. मी तिच्या जवळ गेले नाही. मी कोणत्या तोंडाने जाऊ? मी तर तुला प्रभूचं ते वचन मोडायला बोलावलं होतं. तू मोडलं असतंस तर आज मला बरं वाटलं असतं आणि मी जन्मभर बरं वाटण्यालाच पुण्य समजले असते. मला माफ कर, किंवा नको करूस, पण पत्र टाक.

ताई


१९ सप्टेंबर

ताई,

उशीर झाला. हात कामात होता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. लिहावंसं वाटत नव्हतं.

ठकी आणि तिची आई मागच्या बुधवारी आल्या. मला पुन्हा फिटरच्या कामावर घेतलंय. बाकावर आता सगळे सरकून जागा देतात, इतकी की मीच उठून शेडकडे जाऊन जेवतो. मेहुण्याला त्यांनी काढलं नाही, गेटवर बसवणार आहेत. मी साहेबांशी त्याच्यासाठी बोललो. त्याला क्षमा केलीस का असं विचारशील. रोज सकाळी करतो, दुपारपर्यंत टिकते. तुलाही तशीच करतो आहे. तुझी जरा जास्त वेळ टिकते.

ठकी पहिले दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, बाबा, माझं डोकं तुम्हाला आवडत नाही का? मी काय सांगितलं ते लिहिता येत नाही. सांगता सांगता मीच रडलो आणि तिने मला गप्प केलं.

काल ठकी बाहेर खेळत होती तेव्हा तिची आई माझ्यासमोर येऊन बसली. तिला खूप काही बोलायचं होतं. आईचं ऐकलं, भावाचा हात डोळ्यांसमोर होता, तुमच्या ताईंनी तसं केल्यावर माझा धीरच सुटला, असं एकेक सांगत होती. मी ऐकत होतो. मला तिची कीव येत होती आणि तिच्या मनगटावर हात ठेवावा असंही वाटत होतं. मग तिने विचारलं, "तुमच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलंय का?"

नाही म्हणालो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी हो म्हणालो.

तिने शपथ घाला म्हटलं नाही. पुन्हा विचारलं नाही. तिथेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. या एका शब्दावर तिचा लगेच विश्वास बसला.

बारक्या